गणित उलटं चालवताना: इन्व्हर्स फंक्शनवर तुमचे प्रश्न

मागच्या वेळी फंक्शनवर लिहिलं होतं, एका इनपुटला एकच आउटपुट ही त्यातली मुख्य अट, आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे इन्व्हर्सवर येऊन थांबलेत, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतोय. क्ष म्हणजे आत जाणारी संख्या, य म्हणजे बाहेर येणारी, फ म्हणजे फंक्शन आणि फ⁻¹ म्हणजे त्याचा इन्व्हर्स, एवढं धरून चला.

प्रश्न: इन्व्हर्स काढायची रीत आम्हाला अशी शिकवली की क्ष च्या जागी य लिहायचा, य च्या जागी क्ष लिहायचा आणि मग य एकटा काढायचा. गणितं बरोबर येतात, मार्कही मिळतात, पण आपण नक्की काय केलं ते मला कळत नाही. नुसती अक्षरांची अदलाबदल करून इन्व्हर्स कसा काय मिळतो? (कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली वाचक)

उत्तर: उत्तरं बरोबर येत असतानाही तुला हा प्रश्न पडला याचा मला फार आनंद झाला, बहुतेक जण तिथेच थांबतात. आधी फंक्शन बाजूला ठेव आणि नुसतं रिलेशन घे. रिलेशन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच, बाकी काही नाही. समजा जोड्या आहेत (१, ४), (२, ५), (३, ४). आता प्रत्येक जोडी उलटी लिही, (४, १), (५, २), (४, ३), झालं इन्व्हर्स रिलेशन. यात सोडवण्यासारखं काहीच नव्हतं. मूळ जोड्यांमध्ये प्रत्येक पहिल्या संख्येसोबत एकच दुसरी संख्या होती म्हणून ते फंक्शन होतं, पण उलटल्यावर ४ सोबत १ पण आहे आणि ३ पण आहे, म्हणजे हे रिलेशन आहे, फंक्शन नाही. इन्व्हर्स रिलेशन कुठल्याही रिलेशनला असतंच, जोड्या उलट्या लिहायला कोण अडवतंय, प्रश्न एवढाच की उलटल्यावर जे हातात आलं ते फंक्शन आहे का. 'याला इन्व्हर्स नाही' असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणायचं असतं की याचा इन्व्हर्स फंक्शन होत नाही, आणि हे अर्धवट बोलणंच मुलांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं असं माझं ठाम मत आहे.

इथे एक गोष्ट जाता जाता. 'पेक्षा लहान' या रिलेशनचा इन्व्हर्स काय विचारलं तर बरेच जण 'पेक्षा लहान नाही' असं सांगतात. तसं नाही. (२, ९) ही जोडी उलटली की (९, २) होते, म्हणजे इन्व्हर्स आहे 'पेक्षा मोठा'. 'लहान नाही' मध्ये (५, ५) पण येते, आणि ती जोडी मूळ रिलेशनमध्ये नव्हतीच तर उलटून येणार कुठून. नाकारणं वेगळं आणि उलटवणं वेगळं. तसंच 'चा विभाजक आहे' याचा इन्व्हर्स 'च्या पटीत आहे'. आणि 'च्या बरोबर आहे' हे उलटलं तरी तेच राहतं.

आता तुझ्या अदलाबदलीकडे येऊ. य = २क्ष + ३ या समीकरणाकडे यंत्र म्हणून न बघता गाळणी म्हणून बघ, कुठल्या जोड्या आत घ्यायच्या हे ते ठरवतं. (१, ५) बसते, (२, ७) बसते, (२, ८) बसत नाही. जोड्या अगणित आहेत, एकेक करून उलटवणं शक्य नाही, मग काय करायचं, तर गाळणीच उलटी करायची. उलट्या संचात (५, १), (७, २) हव्यात, त्यांच्यात नियम काय दिसतो, तर दुसऱ्या संख्येची दुप्पट करून ३ मिळवले की पहिली येते. म्हणजे क्ष = २य + ३. आणि बघ, हे लिहिलंस त्या क्षणी इन्व्हर्स मिळालेला आहे! अदलाबदल हाच इन्व्हर्स. त्यानंतर य = (क्ष − ३)/२ असं जे आपण करतो ती फक्त आवराआवर, पण कामाची आवराआवर, कारण य एकटा काढताना एका क्ष साठी य ची एकच किंमत निघते की दोन-तीन निघतात ते तिथे दिसतं, आणि इन्व्हर्स हे फंक्शन आहे की नुसतं रिलेशन याचा निकाल तिथे लागतो.

थोडं अवघड उदाहरण घेऊ म्हणजे अजून एक फायदा दिसेल. फ(क्ष) = (२क्ष + १)/(क्ष − ३). क्ष = ३ चालत नाही, छेदात शून्य येतं, ते आपल्याला लगेच दिसतं. पण या फंक्शनमधून कुठली संख्या कधीच बाहेर येत नाही, ते दिसतं का? अदलाबदल कर, क्ष = (२य + १)/(य − ३), तिरका गुणाकार केला की क्ष × (य − ३) = २य + १, य असलेली पदं एका बाजूला घेतली की य × (क्ष − २) = ३क्ष + १, म्हणजे य = (३क्ष + १)/(क्ष − २). आता छेद सांगतोय की क्ष = २ चालत नाही, आणि इन्व्हर्समध्ये आत जाणारी संख्या म्हणजे मूळ फंक्शनमधून बाहेर आलेली संख्या, त्यामुळे मूळ फंक्शनच्या रेंजमध्ये, म्हणजे बाहेर येणाऱ्या संख्यांच्या संचात, २ नाही. डोमेन (आत जाऊ शकणाऱ्या संख्यांचा संच) आणि रेंज यांची जागा बदलते हे वाक्य आपण पाठ करतो, त्याचा असा उपयोग करून घ्यायचा, रेंज शोधायला जमत नसेल तर इन्व्हर्सचं डोमेन शोधायचं. पडताळाही करून टाक, फ(४) = ९ येतं आणि ९ उलटा घातला की २८/७ म्हणजे ४ परत मिळतात.

आणि एक सावधगिरी. अक्षरांना जेव्हा स्वतःचा अर्थ असतो तेव्हा अदलाबदल करू नकोस. सेल्सिअसवरून फॅरेनहाइट काढताना ९/५ ने गुणून ३२ मिळवतात, उलट जाताना ३२ वजा करून ५/९ ने गुणायचं, इथे नुसतं समीकरण सोडवायचं, नावं जिथल्या तिथे ठेवायची. अदलाबदल केलीस तर सेल्सिअसच्या आकड्याला फॅरेनहाइटचं नाव लागेल आणि सगळंच चुकेल. अदलाबदल आपण एवढ्याचसाठी करतो की फ आणि फ⁻¹ दोन्ही एकाच आलेखावर, एकाच क्ष अक्षावर मांडता यावेत.

प्रश्न: आधी सांगतात क्ष² ला इन्व्हर्स नाही, आणि लगेच पुढे सांगतात वर्गमूळ हा वर्गाचा इन्व्हर्स आहे. यातलं खरं काय धरायचं?

उत्तर: दोन्ही खरं, फक्त दोन्ही वाक्यांत 'क्ष²' हे फंक्शन वेगळं आहे आणि ते कुणी उघड बोलत नाही. फंक्शन म्हणजे नुसतं सूत्र नव्हे, सूत्र आणि डोमेन मिळून फंक्शन होतं. सगळ्या वास्तव संख्या आत घेतल्या तर ३ चा वर्ग ९ आणि −३ चा पण ९, बाहेर ९ आले एवढंच कळलं तर आत काय गेलं होतं ते कुणालाच सांगता येणार नाही, चिन्हाची माहिती वाटेत हरवली. जिथे माहिती हरवते तिथून परत येता येत नाही. म्हणून अट अशी की फंक्शन वन-वन हवं, म्हणजे दोन वेगळी इनपुट कधीच एका आउटपुटवर जाऊन पडायला नकोत. आलेखावर आडवी रेघ ओढून बघतात ती हीच तपासणी, कुठलीही आडवी रेघ आलेखाला दोन ठिकाणी कापत असेल तर संपलं. (काटेकोर पुस्तकं ऑनटू पण मागतात, म्हणजे शेवटच्या संचातली प्रत्येक संख्या बाहेर यायलाच हवी, पण शेवटचा संच म्हणून रेंजच घेतली की ती अट आपोआप भागते, त्यात जास्त अडकू नका.)

आता डोमेन छाटा. फक्त शून्य आणि धन संख्या आत घ्यायच्या असं ठरवलं की ९ फक्त ३ पासूनच येऊ शकतात, आणि मग √क्ष हा खराखुरा इन्व्हर्स. कुठला अर्धा भाग ठेवायचा ते आपल्या हातात आहे, ऋण बाजू ठेवली तर इन्व्हर्स −√क्ष येईल आणि तोही तितकाच बरोबर. उदाहरण म्हणून क्ष² − ६क्ष + ११ घ्या. हे (क्ष − ३)² + २ आहे, म्हणजे आलेख ३ पाशी वळतो, तिथेच छाटायचं. क्ष ३ किंवा जास्त ठेवला तर इन्व्हर्स ३ + √(क्ष − २). ५ घालून बघा, ६ येतात, आणि ६ वरून परत ३ + २ म्हणजे ५. पण १ घातला तरी ६ च येतात आणि परत येताना ५ मिळतात, कारण १ हा आपण छाटलेल्या बाजूचा आहे.

पडताळा दोन्ही बाजूंनी करायचा असतो तो याचसाठी. आधी मूळ काढून मग वर्ग केला, (√क्ष)², तर क्ष परत मिळतो. आधी वर्ग करून मग मूळ काढलं, √(क्ष²), तर −३ चे ३ होऊन येतात, क्ष नाही मिळत, क्ष चं निरपेक्ष मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेली संख्या, मिळतं. एकाच बाजूने तपासून 'आला इन्व्हर्स' असं लिहिणारे भरपूर असतात.

या सगळ्यासाठी मला भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं एक गणित फार आवडतं. ११५० सालचा हा ग्रंथ, आणि त्यात उलट गणित करायची रीत दिलीये. त्याच्याही कितीतरी आधी, इ.स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटानं एकाच श्लोकात हे सांगून टाकलंय की उलट जाताना गुणाकाराचा भागाकार होतो, भागाकाराचा गुणाकार, मिळवलेलं वजा करायचं आणि वजा केलेलं मिळवायचं. भास्कराचार्यांचं गणित असं: एक संख्या घ्या, ३ ने गुणा, येईल त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवा, ७ ने भागा, उत्तरातून त्याचाच एक तृतीयांश काढा, जे उरेल त्याचा वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ काढा, ८ मिळवा, १० ने भागा, २ येतात, तर मूळ संख्या कोणती?

सरळ समीकरण मांडून बसलात तर दमछाक होईल. शेवटून या. २ ला १० ने गुणलं २०, ८ वजा केले १२, वर्ग १४४, ५२ मिळवले १९६, वर्गमूळ १४. एक तृतीयांश काढल्यावर १४ उरले होते म्हणजे आधी २१ होते. ७ ने गुणलं १४७. पाऊण भाग मिळवून १४७ झाले होते म्हणजे १४७ ला ४ ने गुणून ७ ने भागायचं, ८४. भागिले ३, उत्तर २८. ग्रंथातलं उत्तरही २८ च. इथे एक नियम आयता शिकून झाला, पायऱ्यांची साखळी उलटवताना प्रत्येक पायरी तर उलटतेच पण क्रमही उलटतो, शेवटची पायरी सगळ्यात आधी सोडवायची. आधी ग (दुसरं एखादं फंक्शन) आणि मग फ केलं असेल तर परत येताना आधी फ⁻¹ आणि मग ग⁻¹, परीक्षेत हे सूत्र म्हणून येतं आणि मुलं क्रम विसरतात, हे एक गणित केलेलं असेल तर विसरणार नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा धागा. १९६ चं मूळ −१४ पण आहे की! तो घेऊन बघा, −१४, −२१, −१४७, −८४, −२८. आणि −२८ घेऊन सुरुवातीपासून सगळ्या पायऱ्या करा, शेवटी २ च येतात. म्हणजे सगळ्या संख्या घेतल्या तर उत्तरं दोन आहेत, आणि ती दोन कुठे झाली तर बरोबर त्या वर्गाच्या पायरीला, बाकी एकाही पायरीत काही हरवलेलं नाही. वर्गमूळ काढायची जी पायरी होती ती उलटवताना १२ चा वर्ग केला, तिथे दोन वाटा फुटल्या नाहीत. मला वाटतं वन-वन म्हणजे काय हे समजावायला याच्याइतकं चांगलं गणित मिळणं कठीण.

प्रश्न: क्ष⁻¹ म्हणजे १/क्ष. मग फ⁻¹ म्हणजे १/फ का नाही? आणि साइन⁻¹ तरी?

उत्तर: कारण डोक्यावरचा −१ कुठल्या क्रियेबद्दल बोलतोय ते दोन्हीकडे वेगळं आहे. संख्यांमध्ये क्रिया गुणाकाराची, क्ष ला क्ष⁻¹ ने गुणलं की १ येतो, आणि १ ने गुणून काही बदलत नाही. फंक्शनमध्ये क्रिया एकामागे एक लावण्याची, फ लावून मग फ⁻¹ लावलं की जे होतं तेच परत, काहीच बदलत नाही. दोन्हीकडे कल्पना एकच, 'केलेलं पुसून टाकणारा', पण कोणती क्रिया पुसायची ते वेगळं. फ(क्ष) = २क्ष + ३ साठी १/फ म्हणजे १/(२क्ष + ३) आणि फ⁻¹ म्हणजे (क्ष − ३)/२, क्ष = ५ ठेवून बघा, एकाचं उत्तर १/१३ आणि दुसऱ्याचं १.

ही खूण जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञानं १८१३ मध्ये वापरली आणि त्याचं म्हणणं सुसंगत होतं, फ² म्हणजे फ दोनदा लावणं, मग फ⁻¹ म्हणजे एकदा मागे येणं. अडचण नंतर झाली. साइन²क्ष म्हणजे सगळं जग साइनच्या किमतीचा वर्ग समजतं आणि साइन⁻¹क्ष म्हणजे इन्व्हर्स समजतं, एकाच जागी बसलेल्या दोन घातांकांचे दोन वेगळे अर्थ, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ झाला तर दोष त्यांचा नाही. मी स्वतः साइन⁻¹ ऐवजी आर्कसाइन लिहावं या मताचा आहे, त्यात गैरसमजाला जागाच उरत नाही. साइनच्या गुणाकार व्यस्ताला, म्हणजे १/साइनला, कोसिकॅन्ट हे वेगळं नाव आहेच.

प्रश्न: कॅल्क्युलेटरवर १५०° चा साइन काढला, ०.५ आला. मग लगेच साइन⁻¹ दाबलं तर १५० यायला हवे होते, आले ३०. कॅल्क्युलेटर बिघडलाय का?

उत्तर: नाही, कॅल्क्युलेटर ठीक आहे. साइन ही वर खाली जाणारी लाट आहे, ०.५ ही उंची ती ३०° ला गाठते, १५०° ला गाठते, आणि मग दर ३६०° नंतर पुन्हा पुन्हा, म्हणजे वर्गात दोन वाटा होत्या इथे अगणित आहेत. तेव्हा इथेही डोमेन छाटावं लागतं आणि ठरलेलं छाटणं आहे −९०° ते ९०°, कारण या पट्ट्यात साइन −१ पासून १ पर्यंत सरळ चढत जातो, प्रत्येक किंमत एकदाच घेतो. कॅल्क्युलेटर उत्तर फक्त याच पट्ट्यातलं देतो आणि १५० त्यात नाही. कोसाइनसाठी −९० ते ९० चालत नाही, कारण तो ०° पर्यंत चढून मग उतरतो, म्हणून तिथे ०° ते १८०° घेतात, आणि टॅनसाठी −९० ते ९० पण दोन्ही टोकं सोडून.

त्रिकोण सोडवताना हे लक्षात ठेवा, कोनाचा साइन ०.५ आला आणि कोन विशालकोन असू शकत असेल तर १५०° पण तपासायला हवा, कॅल्क्युलेटर तो आपणहून सांगणार नाही.

प्रश्न: फ आणि फ⁻¹ चे आलेख य = क्ष या रेषेत आरशासारखे असतात हे पटलं. मग ते एकमेकांना त्याच रेषेवर छेदत असणार ना? मी फ(क्ष) = क्ष घेऊन छेदनबिंदू काढतो, फ = फ⁻¹ सोडवत बसत नाही.

उत्तर: युक्ती चांगली आहे पण सगळीकडे चालत नाही. फ(क्ष) = −क्ष³ घ्या. १ घातला की −१, −१ घातला की १. म्हणजे (१, −१) आणि (−१, १) दोन्ही बिंदू फ वर आहेत, आणि ते एकमेकांचे उलटे आहेत, म्हणून दोन्ही फ⁻¹ वर पण आहेत. दोन्ही आलेख तिथे भेटतात आणि ते बिंदू य = क्ष वर नाहीत. तुमच्या पद्धतीनं फक्त (०, ०) सापडला असता. १ − क्ष किंवा १/क्ष घेतलं तर याहून पुढची गोष्ट, ती फंक्शन स्वतःच स्वतःचा इन्व्हर्स आहेत, अख्खे आलेख एकावर एक.

पण फंक्शन सतत चढतं असेल तर तुमचं बरोबर आहे आणि ते सिद्ध करायला दोनच ओळी लागतात. समजा (अ, ब) दोन्ही आलेखांवर आहे आणि अ हा ब पेक्षा लहान आहे. फ वर आहे म्हणून फ(अ) = ब, फ⁻¹ वर आहे म्हणून फ(ब) = अ. फंक्शन चढतं आहे, अ लहान, म्हणून फ(अ) पण फ(ब) पेक्षा लहान हवं, म्हणजे ब हा अ पेक्षा लहान निघाला. विसंगती. अ मोठा धरला तरी तसंच. मघाचं सेल्सिअस-फॅरेनहाइट चढतं आहे, तेव्हा तुमची युक्ती तिथे बिनधास्त लावा, क्ष = (९/५)क्ष + ३२ सोडवलं की −४० येतात, आणि हाच तो एकमेव आकडा जिथे दोन्ही थर्मामीटर एकच तापमान दाखवतात.

प्रश्न: फ(क्ष) = क्ष⁵ + क्ष चा इन्व्हर्स काढायला घेतला, क्ष = य⁵ + य पर्यंत आलो आणि पुढे य एकटा निघेचना. म्हणजे याला इन्व्हर्स नाही असं समजायचं का?

उत्तर: असं अजिबात समजू नका, इन्व्हर्स असणं वेगळं आणि त्याचं सूत्र लिहिता येणं वेगळं. क्ष वाढला की क्ष⁵ पण वाढतो आणि क्ष पण वाढतो, म्हणजे फंक्शन सतत चढतंय, कुठलंही आउटपुट दोनदा येत नाही, त्यामुळे इन्व्हर्स नक्की आहे आणि सगळ्या वास्तव संख्यांवर आहे. किंमतीही काढता येतात, फ(१) = २ म्हणून फ⁻¹(२) = १, फ(२) = ३२ + २ म्हणून फ⁻¹(३४) = २. फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं वापरून त्याचं सरसकट सूत्र बनत नाही. पाचव्या घाताच्या समीकरणांना असं सर्वसाधारण सूत्रच नसतं हे नील्स आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञानं १८२४ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा वयानं तो जेमतेम बाविशीत होता.

मग अशा वेळी काय करतात, तर इन्व्हर्सला नाव देऊन टाकतात. लॉग हे त्याचंच उदाहरण आहे आणि तुम्ही ते बिनतक्रार वापरता! य = १०^क्ष (१० चा क्ष वा घात), अदलाबदल केली क्ष = १०^य, आता य एकटा काढा. बीजगणितात त्याला काही वाट नाही, म्हणून 'य म्हणजे क्ष चा लॉग' असं म्हणून पुढे जातो. नेपियर या स्कॉटिश गणितज्ञानं लॉगची कोष्टकं १६१४ मध्ये छापली ती मोठमोठे गुणाकार बेरजेनं करता यावेत म्हणून, घातांकाचा इन्व्हर्स म्हणून त्याची व्यवस्थित मांडणी ऑयलर या स्विस गणितज्ञाच्या १७४८ च्या ग्रंथात आहे. वर्गमूळ तरी काय वेगळं आहे, √२ हे 'ज्याचा वर्ग २ येतो ती धन संख्या' याचंच नाव, सवयीमुळे ते आपल्याला सूत्र वाटतं.

प्रश्न: हे सगळं ठीक, पण इन्व्हर्स आहे की नाही यावर खरंच कुणाचं काही अडतं का?

उत्तर: तुम्ही मोबाइलवरून एखाद्या सुरक्षित साइटवर जाता तेव्हा अडतं. संदेश गुप्त करणारं फंक्शन वन-वन नसेल तर समोरच्याला मूळ संदेश परत मिळणारच नाही, म्हणजे इन्व्हर्स असायलाच हवा, आणि तरीही तो इतर कुणाला काढता यायला नको. या दोन अटी एकत्र पाळणारी एक पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधली, त्यांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. लहान आकड्यात दाखवतो. ० ते ३२ मधली संख्या घ्या, तिचा घन करा, ३३ ने भागून बाकी घ्या, हे झालं फंक्शन. ४ चा घन ६४, बाकी ३१. आता उलट यायचं. घनमूळ काढून काही होत नाही, ३१ चं घनमूळ पूर्णांक नाहीच. पण या फंक्शनचा इन्व्हर्स आहे 'सातवा घात करा आणि ३३ ने भागून बाकी घ्या'. ३१ म्हणजे ३३ ला २ कमी, तेव्हा त्याच्या जागी −२ धरा, −२ चा सातवा घात −१२८, त्यात ३३ ची चौपट म्हणजे १३२ मिळवले की ४. परत आलो.

हे ७ आले कुठून? ३३ = ३ × ११, प्रत्येक अवयवातून एक कमी करून गुणाकार केला २ × १० = २०, आणि ३ ला ज्याने गुणलं की २० ने भागून बाकी १ उरते ती संख्या ७, कारण २१. म्हणजे उलटी वाट काढायला ३३ चे अवयव माहीत हवेत. ३३ चे कुणीही तोंडी सांगेल, पण प्रत्यक्षात तिथे बहुतेक वेळा २०४८ बिटांची म्हणजे ६१७ अंकी संख्या असते, ती सगळ्यांना उघड दिलेली असते आणि तिचे दोन मूळ अवयव फक्त मालकाकडे. घन करण्यासारखी सरळ क्रिया कुणीही करू शकतं, फंक्शन वन-वन आहे याची पक्की सिद्धता आहे, इन्व्हर्स आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि अवयव हाताशी नसतील तर तो व्यवहारात काढता येत नाही. ५ घेऊन स्वतः करून बघा, घनाची बाकी २६ आली पाहिजे आणि २६ चा सातवा घात करताना त्याच्या जागी −७ धरलं तर आकडे आटोक्यात राहतात.